काटे

आमच्या घरात काटे फार.
एक वजनाचा, चुलीशेजारी:
सोळा ग्रॅमला एक दाणा कमी पडला
तरी तोंडावर सांगणारा.
बाकीचे घड्याळांचे. तेवीस घड्याळं,
म्हणजे शेहेचाळीस काटे,
सेकंदांचे वेगळे.

लोक काट्यानं काटा काढतात.
मी काटा बसवतो,
भिंगातून, चिमट्यानं, श्वास कोंडून,
आणि रायली नेमकी त्याच वेळी
दार आपटून आत येते.

हौसेला मोल नसतं म्हणणाऱ्यानं
रायलीची वही पाहावी.
‘कॉफीची चक्की, चारशे दहा युरो.’
पुढं एक उद्गारचिन्ह.
ते मात्र तिनं हौसेनं काढलंय,
खालचा टिंब गिरवून गिरवून.

सगळ्यांत लाडकं ते राकेता.
मुर्मान्स्कच्या खलाशाकडून घेतलं,
त्याला घाई होती, मला नव्हती.
तबकडीवर आकडे चोवीस,
एका फेरीत अख्खा दिवस.
ध्रुवावर जाणाऱ्यांसाठी बनवलं, असं तो म्हणाला.
मला ते ओउलूतच पुरतं:
जूनमध्ये दोन वाजता उजेड असतो,
कुठले दोन, ते याला एकट्याला ठाऊक.

खालच्या खणात फोन.
ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं
अँटेना तपासल्या, तिथले,
शेवटच्या घटका केव्हाच मोजून झालेले.
एकाची बॅटरी बेडकासारखी फुगलीय.
चार्जर सदतीस.
टाकायला एखादा उचलला
की हात अडतो: उद्या नेमका हाच लागला तर?
अकरा वर्षांत तो उद्या आलेला नाही.

नोव्हेंबरात आला. म्हणजे वादळ आलं.
ओल्या बर्फानं पाइन वाकला
तो थेट तारेवर.
चक्की मुकी. किटली थंड.
वजनाचा काटा चार्ज करायचा
मी, मीच, विसरलो होतो.
सदतीस चार्जर खणात, आणि भिंतीत वीज नाही.

मग पाकिटावर जर्दाळू, चमेली
आणि डोंगराची उंची छापलेले ते दाणे
टॉवेलात बांधले
आणि पायरीवर ठेवून हातोडीनं ठेचले.
अंगणात जाळ केला. वडिलांचं,
लाकूडतोडीच्या दिवसांतलं
काळंकुट्ट भांडं त्यावर.
मोजलं नाही. मूठ होती,
नंतर अजून थोडी.

धूर पाहून शेजारची मार्ता किन्नुनेन आली,
वय शहाऐंशी, कप स्वतःचा,
रुमालात चीजचा तुकडा.
तो आम्ही कॉफीत टाकतो,
तळाशी जाऊन मऊ होतो
आणि दाताखाली चीं करतो.

‘वाजले किती?’ तिनं विचारलं.
मी बाह्या वर केल्या.
डाव्या मनगटावर नऊ वीस.
उजव्यावर, अजून जुळवत होतो ते, नऊ सव्वीस.
खिशातलं बंद.
राकेता म्हणत होतं एकवीस
आणि काहीतरी.
जाळाच्या उजेडात आकडे बारीक दिसत होते.
मार्तानं वाट पाहिली. मग म्हणाली,
‘रात्र आहे, एवढं दिसतंय. ओत.’

कॉफी कडू होती, गाळ दातांत येत होता,
जर्दाळू कुठंच नव्हता,
आणि तिघांनीही दुसरा कप घेतला.
अंगावर काटा आला माझ्या.
थंडीनं असेल.

पहाटे वीज आली.
फ्रिज, राउटर, हवामानाचं यंत्र,
सगळी एकदम पीं पीं करत उठली.
ओव्हनवर चार शून्यं उघडमीट करत होती.
रायलीनं त्यांच्याकडं बोट दाखवलं.
‘राहू दे,’ मी म्हटलं, ‘हे एक राहू दे.’

ती माझ्याकडं बघत राहिली.
मग वही काढली, लिहिलं:
‘टॉवेल, एक. डाग गेला नाही.’
पुढं काही चिन्ह नाही.