पन्नास सभासदांपर्यंत मोफत

तुमच्या नेटवर्कला नाव द्या, स्क्रीन म्हणाली.
मी खारकोंड लिहिलं.
हे नाव अजून कुणी घेतलेलं नाही, ती म्हणाली, अभिनंदन.

करंजाडे, तिसरा मजला, रात्रीचे साडेअकरा.
महाप्याहून शिफ्ट संपवून आलेलो,
झाकून ठेवलेला बोंबलाचा रस्सा तसाच,
आणि मी गावाचा रंग निवडत बसलेलो.
चोवीस रंग होते. खाजणाचा नव्हता,
ओहोटीनंतर चिखलावर ऊन पडतं, तो.
शेवटी राखाडी घेतला.

सभासदांकडून कोणती माहिती हवी?
पत्ता काढून टाकला.
कुणी उलव्यात, कुणी वडघरला, भोईरांचं अर्धं घर डोंबिवलीत,
पत्त्यावरून आता कोण कळतंय.
त्या जागी टाकलं: आळी. वरची, मधली, कोळ्यांची.
त्याखाली: तुमच्या दारात झाड कसलं होतं?
हे सक्तीचं ठेवलं, लाल चांदणीसकट.

आठवड्यात एकोणीस जण आले.
नवव्या दिवशी कुणी प्रॉपर्टीवाला आला.
झाड: शेवगा.
साडेबारा टक्क्यांचे भूखंड रोखीत घेतले जातील.
म्हणून मग दाराला प्रश्न लावला:
जत्रेत देवीची काठी पहिली कुणाच्या ओट्याला टेकायची?

दलालानं बरोबर उत्तर दिलं.
माझ्या बापाचं चुकलं.
आपली विनंती नाकारण्यात आली आहे,
हे त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचलं
आणि फोन उशीखाली ठेवून दिला.
हिराजी घरतांनी लिहिलं, आमच्याच.
पदीबायनं नातवाकडून लिहून घेतलं, आमच्याच.
सात जणांनी सात ओटे सांगितले.
आठवून पाहिलं तर सातही ओटे
त्या सकाळी सारवलेले असायचे.
प्रश्न काढून टाकला. दलाल राहिला.
तोही आता गणपतीत शुभेच्छा टाकतो.

जोमा आणि काथोर सख्खे भाऊ,
मोबदल्याचा चेक आला तेव्हापासून बोलणं बंद.
जोमानं विचारलं, त्याला माजा काय दिसाचा नाय, असा बटन हाय का?
आहे म्हटलं.
गावात दोघांच्या मध्ये एकच भिंत.
इकडे काथोर शिंकला
की तिकडे जोमाची बायको आल्याचा चहा ठेवायची.
दिलं बटण दाबून.

चांगुणाकाकी म्हणाली, यांचाबी खाता खोल.
काकांना जाऊन सहा वर्षं झाली.
अटी वाचल्या. वय तेरा पूर्ण असावं, एवढंच होतं,
जिवंत असावा असं कुठेच नव्हतं.
झाड: उंबर.

बाप लांबून बघायचा सगळं.
एकदाच म्हणाला, "याचा सातबारा कुनाचे नावाव?"
मी शोधून काढलं, कलम चौदा:
तीस दिवसांची नोटीस देऊन ही जागा परत घेतली जाऊ शकते.
तो हसला. ही भाषा त्याला पाठ होती.
"मंग बांदतंस कशाला?"

सभासद एकोणपन्नास होते.
शेजारच्या पोरांना मी कधीचा नको नको म्हणत होतो,
ते का, हे त्याला सांगितलं नाही.

अश्विनातली अवस. पहाटे दोन वाजून दहा.
फोन थरथरला. पन्नासावा.
झाड: होता.
फोटो नाही, नमस्कार नाही, एकच ओळ:
उदान हाय. बांदाव कोन हाय?

आमचा बांध धावपट्टीखाली आहे.
खिडकीतून दिसतात ते तिकडचे लाल दिवे.
बाबा, असं लिहिलं, पुसलं.
तोवर उलव्यातून हिराजी: मी हाय.
डोंबिवलीचा भोईर: फावरा घेतला.
जोमा: आलू.
आणि ज्याला जोमा दिसत नाही तो काथोर:
मी आलू. आजून कोन?

बापाच्या खोलीच्या दाराखाली उजेड होता.
मी गॅलरीत गेलो.
फरशी कोरडी ठणठणीत,
तरी वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.