तिसरा पडदा

सीत्स्के म्हणाली, माणसं एका पडद्यापुढे
वीस सेकंद थांबतात, फार तर पंचवीस.
तेवढ्यात सात वर्षं बसव.

हिंडेलोपेनचं म्युझियम. खिडकीबाहेर सरोवर,
पूर्वी तो समुद्र होता.
आत, पातळ कागदात निजवलेले
दुखवट्याचे झगे:
आधी काळा, मग काळ्यावर निळा,
मग निळ्यावर पांढरी फुलं,
आणि एखाद्या वर्षी, काठाशी, बोटभर लाल.
शेजारणींना विचारावं लागत नसे.
बाही पाहिली की कळायचं
हिच्याशी आज हसून बोलावं की नाही.

मी बाह्या स्कॅन केल्या.
काळ्यातून निळा उगवायला चार सेकंद दिले,
आधी रेंगाळत, मग जरा पाऊल उचलून.
त्यासाठी संगणकात एक वक्ररेषा असते,
ओढली की मऊ होते.
काळा मात्र सोपा नाही.
उजेडात धरला तर तपकिरी निघतो,
काखेत हिरवट.
साफ करून देऊ का, प्रोग्रामने विचारलं.
घामाला मी हात लावला नाही.

पहिला पडदा झाला, दुसरा झाला.
तिसरा फोकेलचा.
नवरा आणि थोरला, एकाच गलबतावर, ऑक्टोबरात.
तिच्या पेटीत काळा झगा.
त्याखाली काळा, कोपरावर ठिगळ.
त्याखाली तोच, पुन्हा रंगवलेला.
आणि तळाशी निळा,
घडीवर घडी, टाचण्या तशाच,
शिंप्याच्या खडूच्या खुणासुद्धा पुसलेल्या नाहीत.

शिवायला टाकला होता म्हणजे.
मापं दिली होती, हात वर करून उभी राहिली होती.

तीन रात्री मी काळ्यातून निळा काढत होते.
येत होता. छान येत होता.
चौथ्या रात्री सगळ्या की-फ्रेम पुसल्या
आणि चोवीस सेकंद काळा रेंडर केला.
लूप. काळ्यानंतर काळा.

यात काही हलतच नाही, सीत्स्के म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, बिल मात्र पूर्ण लाव.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पहारेकरी वोब्बेचा फोन:
तिसरा पडदा अडकलाय.
दोनदा बंद करून चालू केला, पुन्हा तेच.
मी म्हटलं, असू दे.
असू कसं दे, तो म्हणाला,
इथे लोक थांबलेत,
आता काहीतरी होईल म्हणून.
त्यांना काय सांगू?