बचत, रुपयांत

वाळूजच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये
सूचनापेटीची किल्ली हरवली, तेव्हा
दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.
मग पुण्याहून पत्र आलं :
दर माणशी, दर महिना, दोन सुधारणा.
कुलूप हातोडीनं तोडलं. आत निघाली
गुटख्याची रिकामी पुडी,
जाफराबादच्या एका लग्नाची पत्रिका
(आता बारशालाही उशीर झालेला)
आणि वहीचं चौकटीचं एक पान :
‘कँटीनच्या वरणात डाळ घालावी.’
खाली सही नाही.
मी ते फेकलं नाही. सुधारणाच होती ती.

तेव्हापासून कार्डं माझ्याकडे.
पिवळं कार्ड, तीन रकाने :
आधी. नंतर. बचत, रुपयांत.
तीस तारखेला चहाच्या सुट्टीत
एकच वाक्य सोळा हस्ताक्षरांत येतं :
‘परिसर स्वच्छ ठेवावा.’
मी मोजतो, वर पाठवतो.
आलेख चढतो.

चार नंबरवरचा मुख्तार शेख कार्ड लिहीत नाही.
एकदा मनगट धरून नेलं मला, म्हणाला, ऐका.
मी ऐकलं. मशीन चालू आहे, एवढंच ऐकू आलं.
‘आठ दिवसांत बेअरिंग जातंय.’
मी लिहिलं : असामान्य आवाज.
‘असामान्य कसा? मे महिन्यात
टँकर यायच्या आदल्या रात्री
पिंपाच्या तळाला तांब्या घासतो ना,
तसा.’
रकाना दीड इंचाचा.
मी ‘असामान्य’ तसंच ठेवलं.
बेअरिंग सातव्या दिवशी गेलं.

अयोध्याबाईच्या नावाचं तर कार्डच छापलेलं नाही;
ती कंत्राटावर.
तिनं मागच्या पडक्या कंपाउंडातून दोन विटा आणल्या,
तुकड्यांच्या क्रेटखाली सारल्या
आणि कामाला लागली.
मला दिसलं तिसऱ्या दिवशी.
कुणी सुचवलं हे?
‘सुचवायचं काय त्यात?
वाकून वाकून मव्ही कंबर गेली.’

मी घड्याळ लावून उभा राहिलो.
एका वाकण्याला तीन सेकंद, पाळीत नऊशे वेळा.
म्हणजे पाऊण तास. गुणिले तिची मजुरी.
आकडा इतका बारीक आला
की लिहिताना पेन अडलं.
‘काय लिहायलेत, साहेब?’
बचत.
‘मग कंबर वाचली म्हणून लिवा की.’
इथं फक्त आकडे बसतात, बाई.
ती काही बोलली नाही.
पुढचं क्रेट ओढून घेतलं.

नाव मी माझं टाकलं नाही, एवढं सांगतो.
‘टीम’ असं टाकलं.

मग ऑडिट आलं.
विटांना पिवळा रंग, जमिनीवर पिवळी चौकट,
चौकटीला नंबर, नंबराचा फोटो,
फोटो फळ्यावर : महिन्याची उत्तम सुधारणा.
अयोध्याबाईनं फळ्यापुढून जाताना
विटा ओळखल्या की नाही, कळलं नाही.

परवा दुसऱ्या पाळीत चौकटीत एकच वीट.
साहेबांचा फोन : त्रुटी नोंदवा, माणूस शोधा.
तिथं सत्वशीला होती, नवीन,
अयोध्याबाईहून वीतभर बुटकी.
‘दोन विटांवर मव्हा हातच पोचत नव्हता.
एक काढली.’
मग ती कुठंय?
तिनं मानेनंच दाखवलं.

कोपऱ्यात पाण्याचं पिंप
पुढं कललेलं,
मागच्या काठाखाली पिवळी वीट.
पाणी तळाला गेलेलं, तरी
नळातून धार चालूच होती.
तांब्या कडीला टांगलेला. कोरडा.

मी खिशातून कार्ड काढलं.
‘आधी’च्या रकान्यावर पेन टेकवलं
आणि काय लिहावं सुचेना.
मागून मुख्तारनं भरलेला गिलास पुढं केला.
‘पाणी प्या आधी.’