सातपर्यंत

पर्वरीच्या हॉलमध्ये एसी इतका गार
की म्हापशाच्या एका बाईंनी पदरावर टॉवेल पांघरला.
पडद्यावर तीन देशांची बोधचिन्हं,
टेबलावर गार समोसे
आणि एक यादी : कोणाची जोडी कोणाशी.
माझ्या नावापुढे, इंग्रजी, चोडण बेट,
छापलं होतं : ग्रासा तैशैरा, एव्होराजवळचं एक गाव.
शेजारची सुनंदा कुजबुजली, "बघ गो,
शिकायचं इंग्रजी, आणि पाठवतायत पोर्तुगालला!"

दर गुरुवारी रात्री आठ.
तिच्याकडे दुपार, पाठीमागे पिवळं ऊन,
माझ्याकडे फेरीबोटीचा भोंगा
आणि मधेच बुडणारं नेट.
तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, बाहेरून आणलेलं.
क्रियापदांवर दोघी जपून पाय ठेवायचो,
खाजनाच्या ओल्या बांधावरून चालावं तसा.
एकदा तिला शब्द सुचेना.
हवेत काहीतरी फिरवून म्हणाली, "शाव्ह."
"चावी," मी म्हटलं.
मग जनेल, मेज, साबण, पगार.
पगारावर दोघी जरा जास्तच हसलो.
कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत हे कुठे नव्हतं.

तिनं माझ्या तासाचं रेकॉर्डिंग पाहिलं.
"प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस.
किती वर्षं?"
बावीस, मी म्हटलं. पोर्शन संपवायचा असतो.
"सातपर्यंत मोज," ती म्हणाली. "मनात. ओठ मिटून."

सोमवारी मोजलं.
एक. दोन. पंखा. चार.
पाचाला बाहेर पोदेराच्या सायकलीचं पोंपों,
सहाला पोरांना वाटलं, टीचर विसरली.
सातला कोणी नाही.
मंगळवारीही नाही.
बुधवारी इन्स्पेक्शन होतं, मोजलंच नाही.
शुक्रवारी शेवटच्या बाकावरून रेणव्वा,
घरात लमाणी, दुकानात कोंकणी, प्रार्थनेला मराठी,
जिचा आवाज मला हजेरीपुरताच ठाऊक,
"यस्टर्डे... आय गो नो. बेबी क्राय."
व्याकरण चारी बाजूंनी गळत होतं.
माझ्या हातात लाल पेन.
मी आठ मोजला. नऊ.
"देन?"
"देन आय सिंग."

बाबांना मी सांगितलं नव्हतं
गुरुवारी कोणाशी बोलते ते.
एकसष्टनंतर त्यांनी ती भाषा उंबऱ्याच्या आत घेतली नव्हती.
ते पाण्याचा तांब्या न्यायला आले,
ग्रासानं पडद्यातून पाहिलं, म्हणाली, "बोआ नोइत,"
आणि पुढे काहीतरी विचारलं.
मला एकच शब्द लागला : इश्कोला.
मी मधे पडणार होते. नेहमीसारखी.
एक. दोन.
बाबांनी तांब्या खाली ठेवला.
तीन.
ताठ उभे राहिले, एकोणऐंशीचे,
आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर,
पालमातोरसाठी. भोकं पाडलेली ती लाकडी पळी
मी कधी पाहिली नाही, तेव्हा दिसली.
पाच. सहा.
पडद्यापलीकडची बाई काही बोलली नाही.
तीही मोजत असावी.
सातनंतर कधीतरी
बाबांनी तळवा पंचाला पुसला
आणि पाढा सुरू केला, नऊचा,
नोव्ह व्हेझिश दोइश, नोव्ह व्हेझिश त्रेश,
न अडखळता, भिंतीकडे पाहत,
शेवटच्या पायरीला मात्र थबकले.
आम्ही दोघींनी वाट पाहिली.
"नव्वद," ते म्हणाले, मराठीत,
आणि तांब्या घेऊन आत गेले.

अहवालात एक रकाना आहे :
भागीदारीचा लाभ, पन्नास शब्दांत.
शेवटची तारीख आज.
फेरी रायबंदरच्या धक्क्याला टेकते आहे,
स्कूटरवाल्यांनी इंजिनं चालू केली,
आणि मी अजून चौथ्या शब्दावर.