वरची फळी

नोव्हेंबरात इथे चारलाच अंधारतं.
बोथ्नियाच्या आखातापासून तासाभरावरचं गाव,
नदीपलीकडे शिशाची भट्टी, सात वर्षांमागे विझलेली.
चिमणी पाडायला कुणाकडे पैसे नाहीत.

तावेत्ती सौनात बर्चची लाकडं रचतो.
"भट्टीशी माझं जमतं," म्हणतो, आणि खोकतो.
लेम्पी बादली भरून आणते, अर्धीच,
पुरी आता उचलत नाही तिला.

मी आणल्यात काचेच्या नळ्या, आम्लात धुतलेल्या.
साध्या काचेलाही शिशाचा डाग असतो कधी,
आणि मला हवंय ते फक्त या दोघांचं.
म्हणून आधी साबण, मग शुद्ध पाणी अंगावरून,
मग वाट बघायची.

घामाची वाट बघायची, हे तावेत्तीला पटत नाही.
एकतीस वर्षं तो न बोलावता यायचा,
भुवयांवरून, पाठीच्या पन्हळीतून, बुटांत साचायचा,
दर पंधरवड्याला पाकिटातून मोजून मिळायचा.
"तेव्हा नाही कुणी नळी धरली, पोरी."

दगडांवर पाणी. फस्स.
या वाफेला इथे स्वतःचा शब्द आहे, लोयली.
जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा अर्थ
जीव, असाही होता.

काचेची कड मी त्याच्या खांद्याखाली धरते.
थेंब येतो, थांबतो, येतो.
यात मीठच फार. शिसं असलं तर नावाला.
ते हाडांत चुन्याच्या जागी बसतं,
भाडं थकवून खोली न सोडणाऱ्या बिऱ्हाडासारखं.

"किती निघालं?"
मोजावं लागेल, मी म्हणते.
"म्हणजे थोडंच."

लेम्पीची नळी मी तुलनेसाठी भरली.
ती कधी फाटकाच्या आत गेलेली नाही.

मंगळवारी आकडे आले.
त्याचा, धरला होता तेवढा.
तिचा, त्याच्या जवळजवळ दुप्पट.
नळ्यांवरची नावं पुन्हा वाचली. उरलेला घाम पुन्हा तपासला.
तेच.

"कपडे," लेम्पी म्हणाली,
"पायरीवर झटकायचे मी त्याचे, रोज.
घरात घाण नको म्हणून.
धुवायचं यंत्र आलं शहात्तर साली,
तोवर हातानंच."
आणि कॉफी ओतली मला, बशीत न सांडता.

तावेत्ती खिडकीतून चिमणीकडे बघत होता,
की खिडकीच्या काचेकडे, कळलं नाही.

पुढच्या शनिवारी नळ्या न घेताच गेले.
दोन्ही बादल्या त्यानेच आणल्या, काठोकाठ.
वरची फळी, जिथे धग जास्त, ती तिला दिली,
स्वतः खाली बसला, गुडघे पोटाशी घेऊन.
तिच्या पावलांवरून घाम
त्याच्या खांद्यावर टपकत होता.
त्याने पुसला नाही.

"झोपलास का?" लेम्पी म्हणाली,
"पाणी टाक अजून."