राखणदार, सोनापूर

मेसच्या टीव्हीवर सिनेमा चालू होता:
काळ्या कोटातले देवदूत, सिगारेट ओढणारा सैतान
आणि सतत पाऊस.
इथे पाऊस नाही. एसीचं पाणी ठिबकतं
तेलाच्या डब्यात, अख्खा ऑगस्ट,
आणि बाहेर पिवळे दिवे
कावीळ झाल्यासारखे उभे.

आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसण.
दुबईत सोनापूर म्हणजे आम्ही राहतो ते.

मी कॅम्पचा कारकून. खालच्या खणात
एकेचाळीस पासपोर्ट, रबर लावून.
किल्ली माझ्या करगोट्याला.
ऐलय्या तीनदा आला. आई आजारी, म्हणाला.
मी तीनशे दिरहम घेतले, म्हटलं, उद्या.
त्याचा उद्या चौदाव्या मजल्याच्या परांचीवरून
दुपारी दीड वाजता खाली आला.
कागदावर लिहिलं: हृदय बंद पडलं.
अक्षर माझंच. वळणदार.

दोनच्या सुमारास कुंपणाशी काठी वाजली,
गावच्या शिवेवर वाजायची तशी.
खांद्यावर घोंगडी, या उकाड्यात. तोंडात चिरूट.
एकाच पायात वहाण, तीही झिजून पापुद्रा.
पंख नव्हते.
पाय मी आधी बघितले. सुलटे होते.

"एवढ्या लांब?"
"माझी माणसां जंय, थंय माझी शीव.
दर्यातसून चालत इलंय."
मग काठीने दाखवत, "खणात काय आसा?"

देव म्हणावा तर चिरुटाचा वास.
भूत म्हणावं तर
गजांच्या आत मी होतो.

करगोटा तोडला. आमच्यात तो
मेल्यावरच तोडतात.
तीन मजली खाटांमधून अनवाणी फिरलो,
थापाच्या उशीखाली, सेल्वमच्या, रहमतुल्लाच्या
जो तो आपापल्या भाषेत घोरत होता.
बेचाळिसाव्या उशीवर तीनशे दिरहम ठेवले.
उशी दबलीसुद्धा नाही.

माझे नवे सेफ्टी शूज
कुंपणाशी ठेवून दिले. गावची रीत.

पहाटे अजान झाली,
साहेबाची लँड क्रूझर वळणावर दिसली.
उजवा शू होता तिथेच, नवाकोरा.
डाव्याचा तळ एका रात्रीत
कागदाएवढा झिजलेला, आत ओली वाळू.
मी डावा पायात घातला
आणि फाटकाकडे निघालो.