व्हेरी मचची जागा

रविवार कारंजावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर
माझा संध्याकाळचा क्लास.
सात बाकं, एक फळा,
आणि खालून रिक्षांचे हॉर्न,
नको तिथे पडणाऱ्या स्वल्पविरामांसारखे.

पहिल्या बाकावर सातपूरच्या कारखान्यातली दोन पोरं,
मग हर्षाली बोरस्ते, वायनरीत पाहुण्यांचे पेले भरणारी,
आणि भिंतीला टेकून बासष्ट वर्षांचे विश्राम तांबट.
तांबट गल्लीतून चालत येतात,
बोटांच्या पेरांत चिंचेचा आंबट वास.

मंगळवारी ते म्हणाले,
"आय लाइक व्हेरी मच इट."
पोरं हसली नाहीत. त्यांना ते बरोबरच वाटलं.
आपण नाही का म्हणत, मला हे खूप आवडतं.
खूप आधी, आवडणं मागून,
पंगतीआधी पाट मांडावेत तसं.

मी फळ्यावर लाइक लिहिलं, शेजारी इट,
दोघांवरून खडूचा एक कंस ओढला, म्हणाले,
यांच्या मध्ये कुणी शिरायचं नाही.
अ लॉट नाही, अ लिटल नाही,
सो मच तर नाहीच नाही.
क्रियापद आधी सर्वनामाचा हात धरतं.
किती घट्ट, ते नंतर.

"पण का?" हर्षाली म्हणाली.
मला का ते माहीत नव्हतं.
बावीस वर्षं झाली,
मी फक्त कुठे ते शिकवते.

तांबट पुढे सरकले. "कळलं बाई.
आधी डाख. जोड पक्का करायचा.
कल्हई मागून.
कल्हई करून मग डाखायला बसलं
तर आगीत केलेलं सगळं वाहून जातं."
आणि मग स्वतःशीच, हातोडीच्या ठेक्यात,
लाइक-इट, लाइक-हिम, लाइक-देम,
श्वास सोडून
व्हेरी मच.

शुक्रवारी पाच वाक्यं लिहून आणायची होती.
हर्षालीने पाचांतही वाइन ओतली होती,
पाहुण्यांना ती आवडते अ लॉट,
आईला ती खपत नाही ॲट ऑल.
तांबटांची वही हिशेबाची.
डाव्या पानावर घंगाळं तीन, तांबे नऊ, कुणा आहेरांची उधारी.
उजव्या पानावर पेन्सिलने, देवनागरीत इंग्रजी:

द हॅमर नोज मी वेल.
आय हिअर इट अ लिटल.
माय सन नीड्स मी अ लिटल.
शी स्कोल्डेड मी अ लॉट.

आय मिस हर व्हेरी मच.

पाचही बरोबर. प्रत्येक माप आपापल्या जागी.
लाल पेनाचं टोपण काढून मी तशीच उभी.
चौथ्या आणि पाचव्या वाक्याच्या मध्ये
एक ओळ कोरी सोडलेली.
ती कोण, हे मी विचारलं नाही.
"बाई, चुकलं का?"
"नाही," म्हणाले, "फक्त पुढच्या वेळी
वही वेगळी घाला."

रात्री क्लासला कुलूप लावून
होळकर पुलावरून पंचवटीकडे चालताना
मुलीला फोन लावला. ती हैदराबादला.
खाली पात्रात कुणीतरी
मोबाइलच्या उजेडात टेम्पो धूत होतं.
म्हटलं, "मला ना, तुझी खूप..."
आणि मागून ट्रक आला.

आपल्या भाषेत एवढी सोय आहे.
किती, ते आधी सांगून मोकळं व्हायचं,
काय, ते वाक्याच्या टोकापर्यंत
मुठीत ठेवायचं.

"काळजी वाटते?" ती म्हणाली. "मी ठीक आहे गं."
ट्रक गेला.
"मग? चीड आलीये का माझी?"
"छे."

त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो
तिच्या बिघडलेल्या गिझरबद्दल.